फेस टिकला पाहिजे

१७ जुलै १९९४, रविवार

आजपासून रोजनिशी. घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून वहीला सांगायचं ठरवलं.

परिस्थिती अशी. प्रियदर्शिनीला लग्न करायचं आहे, तिच्याच बँकेतल्या विनय माथुरशी. माथुर म्हणजे कायस्थ. निजामाच्या काळापासून इथलेच, शाह अली बंड्याला घर, घरात उर्दू. आम्ही तारनाक्याचे रेल्वेवाले मराठे. पण मी मोकळ्या विचारांचा माणूस आहे. तिने सांगितलं त्याच दिवशी मी मनातून मान्यता दिली. नंतर आठवडाभर तिच्याशी बोललो नाही ते घसा बसल्यामुळे. चारुलताचं म्हणणं, घसा बसलेला माणूस दूधवाल्याशी भांडत नाही. बायकोला वैद्यकातलं काही कळत नाही.

आता मुलाचे आईवडील आपल्याकडे यायचेत. एकदाच येणार, एकदाच बघणार. पोरगी तोंडाने काही बोलत नाही, पण बँकेतून आली की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते. माझ्यामुळे हे मोडलं असं तिला कधी वाटता कामा नये. लग्न मात्र पुढच्या उन्हाळ्यात. घाई कसली आहे.

निश्चय: माथुरसाहेबांचं स्वागत असं करायचं की त्यांनी नाव काढावं.

२० जुलै, बुधवार

तारीख ठरली. रविवार, ७ ऑगस्ट, संध्याकाळी. मी सुचवली. मुंबईहून बदलून आलेला आमच्या सेक्शनचा अविनाश म्हणाला, त्या दिवशी गटारी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून तिकडे लोक आदल्या दिवशी खाऊनपिऊन घेतात. आमच्या घरात ही पद्धत नाही. आमच्याकडे ती दिव्यांची अवस, चारुलता समया-निरांजनं घासून पुजते. पण कल्पना मला एकदम पटली. कायस्थ मंडळी खाण्यापिण्याची शौकीन असतात हे सगळ्या हैदराबादला माहीत आहे. त्यांना काय पोहे द्यायचे? देश खुला झाला, घरात केबल आली, पंचवीस चॅनेल दिसतात, आणि आपण अजून पोह्यांवर.

चारुलता म्हणाली, अमावास्येला सोयरीक बोलायला कोणी बोलावतं का. मी म्हटलं, एकविसावं शतक दारात उभं आहे.

संध्याकाळी प्रियाने निरोप आणला. माथुरांना दिवस फार आवडला, त्यांच्याकडे ती अमावस चांगली मानतात. म्हणजे उघड आहे, त्यांच्याकडेही गटारी असते. प्रिया म्हणाली तसं नाही पप्पा, त्यांच्याकडे वेगळं काहीतरी असतं. मी म्हटलं, नाव वेगळं असेल, सण एकच.

२२ जुलै, शुक्रवार

ऑफिसातून परस्पर कोठीच्या बाजारात. फुटपाथवर एक इंग्रजी पुस्तक मिळालं, पेयांचं. रंगीत चित्रं. पान उघडलं तर जिन फिझ. उंच ग्लास, वर पांढराशुभ्र फेस. हेच.

तसा मी या विषयात अगदीच नवखा नाही. १९७९ साली सिकंदराबादला एका साहेबांच्या निरोप समारंभात हे पेय मी जवळून पाहिलं आहे. दोन घोट घेतलेही. चव आता आठवत नाही, पण अनुभव तो अनुभव.

साहित्य: जिन, लिंबू, साखरेचा पाक, अंड्याचा पांढरा बलक, सोडा. बाटली समोरच्या अप्पारावांनी आणून दिली. मी स्वतः दुकानात गेलो असतो, पण आमच्या कॉलनीच्या बायका हल्ली दारूबंदीच्या सभा घेतात आणि चारुलता पहिल्या रांगेत असते. अप्पाराव म्हणाले, जिन तो लेडीज लोगां पीते साब. त्यांना चांगल्या गोष्टींची पारख नाही.

बाटली शिलाई मशीनच्या मागे लपवली. कोणाला पत्ता लागणार नाही.

२३ जुलै, शनिवार

बाटली आज सकाळी संडासात फिनेलच्या शेजारी होती. चारुलता म्हणाली, तिची जागा तिथेच.

काल गुरुपौर्णिमा झाली, आजपासून सरावाचा शुभारंभ. चातुर्मासात अंडं स्वयंपाकघरात नको म्हणून सगळं साहित्य गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी हलवण्यात आलं. मोकळी हवा, एकांत. जिन वाया जाऊ नये म्हणून सरावाला जिनऐवजी पाणी.

पुस्तकात लिहिलंय, सोडा सोडून सगळं जोरजोरात हलवा, सोडा अगदी शेवटी. लेखकाला वेळेची किंमत दिसत नाही. सोडाही आधीच घातला तर एकदाच हलवून काम होतं. त्याप्रमाणे थर्मासमध्ये सगळं एकत्र घालून हलवलं.

झाकण अप्पारावांच्या अँटेनाला लागलं. त्यांचं चित्र बिघडलं म्हणतात. ते आधीपासूनच बिघडलेलं असणार.

२६ जुलै, मंगळवार

थर्मासची आतली काच फुटली. हल्लीचा माल.

आता लोणच्याची रिकामी बरणी वापरतो. सोडा शेवटी. पुस्तकातलीच पद्धत, पण मी ती स्वतःच्या अनुभवावरून स्वीकारली. पेयाला कैरीच्या लोणच्याचा वास येतो. म्हणजे थोडी आपल्याकडची चव.

खरी अडचण फेसाची. चित्रात फेस ग्लासच्या वर उभा राहतो. माझा येतो आणि मी ग्लास उचलेपर्यंत बसतो. जिन फिझमध्ये फेस नसेल तर ते लिंबू सरबत. माथुरसाहेबांना लिंबू सरबत पाजून मुलगी द्यायची?

फेस टिकला पाहिजे. बाकी सगळं आपोआप होईल.

२८ जुलै, गुरुवार

यश! फेस कसा टिकतो ते कळलं. बरणीत हलवण्याआधी पांढरा बलक वेगळा घुसळून घ्यायचा. आणि घुसळायला घरात काय असतं? रवी. पाच मिनिटांत पातेल्यात ढग. पातेलं उपडं केलं तरी पडेना. हे लंडनच्या लेखकाला सुचणं शक्य नव्हतं, त्याच्या आईने ताक केलं नसणार.

तेच पेय नंतर तासभर ग्लासात ठेवून पाहिलं. फेस जागचा हलला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चारुलताला रवीचा वास आला. ती रवी तिच्या आईची होती म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने रवी धुतली, उन्हात ठेवली, पुन्हा हुंगली आणि कचऱ्यात टाकली. आता बोलत नाही.

निश्चय: उद्या सुलतान बाजारातून नवी रवी. चांगली, शिसवीची.

३१ जुलै, रविवार

नवी रवी चारुलताने हातात घेतली नाही. खिळ्याला लटकते आहे.

आज प्रथमच खऱ्या जिनचा सराव. थोडी शर्टावर सांडली, लिंबू डोळ्यांत उडालं. डोळे चोळले, तर ते साखरेच्या हातांनी. नेमका त्याच वेळी विनय आला, प्रियाला कसलं तरी पुस्तक द्यायला. दारात मीच होतो. हातात बरणी, डोळे लालभडक. चार वाजले होते. मी त्याला म्हटलं, आओ बेटा, मेरा टाइम चल रहा है, म्हणजे सरावाचा. तो थोडा मागे सरकला. फार अदबशीर मुलगा आहे.

गेल्यावर प्रिया म्हणाली, पप्पा, तुम्ही नक्की काय करताय ते मला सांगाल का. मी म्हटलं सरप्राइज.

३ ऑगस्ट, बुधवार

प्रिया जेवताना म्हणाली, रविवारचं एक सांगायचंय, त्यांच्याकडे सध्या... मी तिला तिथेच थांबवलं. मुलीने सासरच्यांच्या आवडीनिवडी आपल्या बापाला शिकवायच्या, हे बरं दिसत नाही. मी माणसं ओळखतो.

तिने आईकडे बघितलं. आईने ताटात. आठवडाभर माझ्याशी न बोलण्याचा हा फायदा की मधे कोणी पडत नाही.

झोप नीट लागत नाही. सारखं स्वप्नात फेस बसतो.

६ ऑगस्ट, शनिवार

प्रिया पुन्हा म्हणाली, फक्त दोन मिनिटं. मी गच्चीवर होतो, बलक निम्मा झाला होता. म्हटलं नंतर. नंतर ती खोलीत दार लावून बसली.

चारुलता बोलायला लागली, पण फक्त कामाचं. विचारलं, माणसं यायची त्या दिवशी हे अंड्याचं आणि बाटलीचं केलंच पाहिजे का. मी समजावलं की हे माझ्यासाठी नाही. मी कधी घेतो का? हे पोरीसाठी. ती म्हणाली, पोरीला एकदा विचारा तरी. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

७ ऑगस्ट, रविवार, दुपार

सकाळपासून लाइट नाही. फ्रिजमधल्या बर्फाचं पाणी. पळत तारनाक्याच्या चौकात जाऊन बर्फाची लादी आणली, भुशात गुंडाळून. भुसा पायजम्याला चिकटला.

चारुलताने पाटावर दिवे मांडलेत. घासून लखलखीत. त्यांच्याशेजारी माझे पाच ग्लास ठेवले तर तिने ते काही न बोलता उचलून खिडकीत ठेवले.

बर्फ फोडताना हातोडी दोनदा हुकली. इतके दिवस बरणी हलवल्याचा परिणाम. जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. प्रियाने आकाशी साडी नेसली आहे. आरशासमोर उभी होती, मला बघून म्हणाली, पप्पा, आज सगळं नीट होईल ना. मी म्हटलं, तू काळजी करू नको, फेस टिकतो.

त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर

ऐतिहासिक संध्याकाळ!!

फिझ जमलं. फेस उभा. पाच ग्लास ट्रेमध्ये घेऊन मी बाहेर आलो तेव्हा खोलीत एकदम शांतता. कौतुकाने. माथुरसाहेब गोरे, उंच, पांढरी शेरवानी. मी पहिला ग्लास त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, हमारा तो पंद्रह दिन से सावन चल रहा है. काय तबियतीचा माणूस! मी म्हटलं, मेरा भी पंद्रह दिन से रोज चल रहा है, रोज शाम को. ते हसले नाहीत पण ग्लास दोन्ही हातांनी धरला. शेवटपर्यंत सोडला नाही. इतका आवडला.

माथुरबाईंनी आणि विनयने घेतला नाही, संकोच असेल. चारुलताने तर नाहीच. फेस बसून जाऊ नये म्हणून चारही मलाच घ्यावे लागले. चव बरी आहे. लोणच्याची थोडी.

नंतर मी मोजक्या शब्दांत मनोगत व्यक्त केलं. सर्वांना भरून आलं.

समया हलतायत. उद्या लिहीन.

८ ऑगस्ट, सोमवार

रजा. डोकं जड, हवेत दमटपणा आहे.

दुपारी चारुलताने सांगितलं. समोर बसून, आवाज न चढवता.

आपला महिना अमावास्येला संपतो. माथुरांचा पौर्णिमेला. आपला श्रावण आज लागला, त्यांचा गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागला. त्यांच्या घरात सावनभर दारूचा थेंब नाही, मांस नाही, अंडं नाही. माथुरबाईंचे सोमवार असतात. कालची अमावस त्यांच्याकडे हरियाली, पावसाळ्यातल्या हिरवाईचा सण, म्हणून त्यांना दिवस आवडला होता. हेच सांगायला प्रिया आठवडाभर माझ्या मागे होती.

मी म्हटलं, पण त्यांनी ग्लास तर धरला होता. चारुलता म्हणाली, तुम्ही हातात कोंबलात, यजमानाला वाईट वाटू नये म्हणून धरला. दोन तास. बोट ओलं केलं नाही.

मग मनोगताबद्दल विचारलं. ते तिला सांगावंसं वाटत नव्हतं. मी माथुरसाहेबांचं मनगट पकडून बसलो होतो. रडत होतो. माझी पोरगी नेऊ नका, नेऊ नका असं सारखं म्हणत होतो. प्रिया चार वर्षांची असताना मी तिला खांद्यावर बसवून नुमाइशला, त्या मोठ्या प्रदर्शनाला, नेत असे, ते तीनदा सांगितलं. प्रियानेच मला आत नेऊन तोंड धुतलं.

मला यातलं काही आठवत नाही. पण ते खोटं नसणार. नुमाइशचं मी दुसऱ्या कोणाला कधी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी बाल्कनीत क्रोटनच्या कुंडीमागे माथुरसाहेबांचा ग्लास सापडला. काठोकाठ भरलेला. मुंग्या लागल्या होत्या. वर फेस अजून होता.

९ ऑगस्ट, मंगळवार

फोन नाही.

१० ऑगस्ट, बुधवार

फोन नाही. मी दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला, लाइन चालू आहे.

प्रिया बँकेतून आली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. चप्पल काढली आणि आत गेली. तिने भांडावं असं मला वाटतं. भीती वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

निश्चय: उद्या स्वतः शाह अली बंड्याला जाऊन माफी मागायची.

११ ऑगस्ट, गुरुवार

जावं लागलं नाही. सकाळी माथुरबाईंचा फोन, चारुलताला. त्यांना प्रिया पसंत आहे. लग्न दिवाळी झाली की लगेच, नोव्हेंबरातच.

शेवटी माणूस माणसाला ओळखतो! त्या अश्रूंमागचा बाप त्यांना दिसला असणार. मी हे म्हणालो तेव्हा चारुलता रिसीव्हरवरचं फडकं सारखं करत होती. मी विचारलं, पण एवढी घाई का, उन्हाळ्यात ठरलं होतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिने सांगितलं.

माथुरबाई म्हणाल्या होत्या, इतनी अच्छी बच्ची, बाप को रोज की आदत, घर में कैसे दिन काटती होगी. जल्दी अपने घर ले आएँ. लग्नात माझ्याशेजारी त्यांचा एक पुतण्या पूर्ण वेळ बसणार आहे. मला जपायला.

मला. मी ज्याने सुपारीसुद्धा सोडली आहे.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

विनयला बँकेत गाठलं. स्पष्ट सांगितलं की मी पीत नाही. तो फार प्रेमाने म्हणाला, जी अंकल, मालूम है. तो आवाज मी ओळखतो. आमच्या सेक्शनला एक जण रोज सकाळी हलत यायचा, त्याच्याशी मी त्याच आवाजात बोलायचो.

साक्षीला अप्पारावांना घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, साब बहुत अच्छे हैं, पंद्रह दिन में एकीच बोतल मंगाए.

१४ ऑगस्ट, रविवार

प्रियाला गच्चीवर बोलावलं. इतक्या दिवसांनी मी तिचं ऐकायला बसलो. पाण्याच्या टाकीशेजारी अंड्याची टरफलं अजून पडलेली होती.

तिला म्हटलं, तू तरी त्यांना सांग. तू सांगितलंस तर पटेल.

ती म्हणाली, "सांगते. विनय माझं ऐकेल. पण मग घाई उरणार नाही, पप्पा. ते उन्हाळा म्हणतील, उन्हाळ्यात त्यांची आत्या आजारी पडेल, मग पुढचं वर्ष. त्या घरात असंच होतं." मग विचारलं, "सांगू?"

म्हणजे मी सभ्य माणूस ठरलो तर पोरगी आणखी वर्षभर या घरात राहील. बेवडा राहिलो तर नोव्हेंबरात जाईल. मला काय हवं आहे ते गेल्या रविवारी मी माथुरांसमोर रडून सांगितलंच आहे. तिला काय हवं आहे ते मात्र मी तिला आजवर एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं. ती म्हणाली, नोव्हेंबर.

मी म्हटलं, मग नको सांगू.

ती टाकीला टेकून रडली. मीही. या वेळी काही घेतलेलं नव्हतं.

१५ ऑगस्ट, सोमवार

सुटी. श्रावणी सोमवार. झेंडावंदन झाल्यावर कॉलनीच्या बायकांच्या दारूबंदीच्या सभेत मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की आजपासून मी दारू सोडली. निदान लग्नात पुतण्या तरी नको. टाळ्या झाल्या. चारुलता पहिल्या रांगेत होती, तिने पदर तोंडावर धरला. हसत होती की काय ते दिसलं नाही. घरी येऊन तिने खिळ्यावरची नवी रवी काढली आणि ताक केलं.

बातमी दुपारपर्यंत शाह अली बंड्याला पोचली. खुद्द माथुरसाहेबांचा फोन.

"शिवराज साहब, मुबारक हो. हमारे मामूजान से तो आख़िर तक नहीं छूटी. शुरू के दिन बहुत सख़्त होते हैं. जब भी तलब लगे, हमको फ़ोन कीजिए, रात हो या दिन."

मी म्हटलं, जी, शुक्रिया, कोशिश कर रहा हूँ.

प्रियाने विचारलं काय म्हणाले. मी सांगितलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, बँकेतून आल्यावर बघायची तशी, आणि मग ताकाचा पेला माझ्यासमोर ठेवला. वर चांगला फेस होता.

पुतण्या मात्र येणारच आहे. माथुरसाहेब म्हणाले, सोडल्यावरच जास्त जपावं लागतं.